एका फुलासाठी पंधरा फोटो : स्पष्टता कुठे संपावी, हे ठरवण्याची रीत

जास्वंदीचे फूल समोरून टिपायला गेले की कॅमेऱ्याची मर्यादा लगेच कळते. पाकळ्यांच्या मधून केसरांचा दांडा थेट पुढे येतो. त्याच्या टोकाला पाच मखमली कुक्ष्या, त्यांच्या मागे पिवळे परागकोश आणि सगळ्यात आत पाकळ्यांचा गडद घसा. कुक्षीच्या टोकापासून त्या घशापर्यंत सहा-सात सेंटिमीटर अंतर सहज भरते. आपली नजर या अंतरात क्षणोक्षणी पुढेमागे फिरत असल्याने फूल पूर्ण स्पष्ट आहे असे वाटते. लेन्स मात्र एका वेळी एकाच अंतरावर फोकस करते. कुक्ष्या नेमक्या आल्या की पाकळ्यांच्या शिरा विरघळतात आणि शिरा धरल्या की कुक्ष्यांचे लाल धब्बे होतात. अशा वेळी सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे अ‍ॅपर्चर बारीक करणे, एफ/१६ किंवा एफ/२२ वर जाणे. निसर्गदृश्यांसाठी हा सल्ला उपयोगी पडतो, पण फुलाच्या अगदी जवळ गेल्यावर तो अपुरा ठरतो आणि पुढेपुढे नुकसानही करतो. त्यापेक्षा अ‍ॅपर्चर मध्यम ठेवावे, फोकस थोडाथोडा सरकवत बरेच फोटो घ्यावेत आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एकच चित्र तयार करावे. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात. सगळे काही धारदार करण्याची युक्ती म्हणून लोक त्याकडे पाहतात. माझ्या मते त्याचे खरे मोल वेगळे आहे. स्पष्टता कुठून कुठवर असावी हा निर्णय त्यामुळे लेन्सकडून छायाचित्रकाराकडे येतो.

हा दावा आकड्यांवर तपासून पाहता येतो. फोटोत किती खोलीपर्यंतचा भाग स्पष्ट दिसेल, हे जवळच्या छायाचित्रणात दोन गोष्टींवर ठरते : अ‍ॅपर्चरचा आकडा आणि सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेचे मूळ वस्तूशी असलेले प्रमाण. फुलफ्रेम कॅमेऱ्यासाठी ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा धूसरपणा चालतो असे रूढ गणित आहे. ते धरले, तर दहा सेंटिमीटर रुंदीची जास्वंद चौकटीत भरून घेताना, म्हणजे साधारण एकास चार प्रमाणात, एफ/८ वर स्पष्ट भागाची खोली जेमतेम साडेनऊ मिलिमीटर मिळते. एफ/१६ वर ती १९ आणि एफ/२२ वर २६ मिलिमीटर होते. फुलाची खोली आहे साठ-सत्तर मिलिमीटर. लेन्स शेवटच्या टोकापर्यंत बारीक केली तरी निम्मे फूल हाती लागत नाही. एकदांडीचे फूल घेतले तर गणित आणखी कडक होते. रस्त्याकडेला, मैदानाच्या कडेला, टेकडीच्या पायवाटेवर पुण्यात कुठेही उगवणारे हे फूल जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे असते. खरे तर ते एक फूल नसून छोट्या छोट्या फुलांचा झुबका असतो. कडेला तीन दात्यांच्या फिकट पाकळ्या, मध्ये बाहेरून आत उमलत जाणारी पिवळी नळीसारखी फुले. हे बारकावे दिसावेत म्हणून एकास एक प्रमाणापर्यंत गेले, की एफ/८ वर एक मिलिमीटरदेखील खोली मिळत नाही आणि एफ/१६ वर दोन मिलिमीटरांच्या आतच गाडी अडते.

खोली कमी मिळते एवढ्यावर हे थांबत नाही. अ‍ॅपर्चर बारीक केले की प्रकाश त्या छिद्राच्या कडांपाशी पसरतो आणि प्रत्येक बिंदूची एक छोटी चकती बनते. याला विवर्तन म्हणतात. शिवाय जवळच्या फोटोत लेन्सवर लिहिलेला आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. एकास एक प्रमाणात साध्या हिशेबाने तो दुप्पट होतो, म्हणजे एफ/१६ लावले तर परिणाम एफ/३२ चा होतो. तिथे त्या चकतीचा व्यास सुमारे ४३ मायक्रॉन भरतो. २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम सेन्सरवर एक पिक्सेल असतो सुमारे सहा मायक्रॉनचा. वरच्या गणितात आपण ३० मायक्रॉनचा धूसरपणा चालेल असे मानले होते. म्हणजे एफ/१६ वर अचूक फोकस झालेला भागसुद्धा त्या सवलतीच्या बाहेर जातो. दोन मिलिमीटरांची ती खोली मिळवताना फुलातला एकही बिंदू पूर्ण धारदार उरत नाही. हेच अ‍ॅपर्चर एफ/५.६ ठेवले तर चकती १५ मायक्रॉनवर येते आणि परागकणांचे दाणे, पाकळीवरची लव वेगवेगळी उठून दिसते. मात्र खोली पाऊण मिलिमीटरहून कमी राहते. एकाच फोटोत या दोन्ही गोष्टी साधणार नाहीत. चांगली, महाग लेन्स घेतल्यानेही हा पेच सुटत नाही, कारण तो प्रकाशाच्या स्वभावातून आला आहे. एफ/५.६ च्या धारदार पातळ थरांचे अनेक फोटो एकत्र आणणे, हाच त्यावरचा मार्ग आहे.

यावर पहिला आणि सगळ्यात गंभीर आक्षेप सौंदर्याचा आहे. फुलाच्या फोटोची गोडी त्याच्या धूसरपणात असते, सगळे स्पष्ट केले तर चित्र वनस्पतिशास्त्राच्या तक्त्यासारखे कोरडे होते, असे जाणकार म्हणतात. धूसरपणाची गोडी मलाही मान्य आहे, पण तो कुठे हवा हा प्रश्न उरतोच. एकाच फोटोत अ‍ॅपर्चरवर दोन कामांचा भार असतो : फुलाला खोली देणे आणि पार्श्वभूमी मऊ करणे. ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एफ/१६ वर फूल थोडे सुधारते, पण मागची गिलावा उडालेली भिंत, पाण्याची टाकी, शेजारच्या फांदीवरची वाळकी पाने हेही सगळे ओळखू येऊ लागते. स्टॅकिंगमध्ये ही कामे सुटी होतात. एफ/५.६ वर पार्श्वभूमी विरघळलेलीच राहते आणि फोकस कुक्षीपासून शेवटच्या पाकळीपर्यंत नेऊन तिथेच थांबवला की फूल पूर्ण दिसते. हवे तर परागकोशांपर्यंतचे चारच फोटो जोडावेत आणि पाकळ्या मऊ सोडून द्याव्यात. तक्त्यासारखे कोरडे चित्र होते ते कुठे थांबायचे याचा विचार न करता सगळे थर जोडल्यामुळे. म्हणून कॅमेरा हातात घेण्याआधीच स्वतःला विचारावे : या फुलात पाहणाऱ्याची नजर कुठून कुठे जायला हवी? त्या दोन टोकांमधले थर तेवढे जोडायचे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. सुरुवात कोनापासून करावी, कारण योग्य कोन निवडला तर निम्मे फोटो वाचतात. चपटे फूल सेन्सरला समांतर धरले तर चार-पाच फोटो पुरतात. जास्वंद थोडी बाजूने घेतली तर दांडा लेन्सच्या दिशेने न येता चौकटीत आडवा पसरतो आणि खोलीचे अंतर बरेच कमी होते. त्यानंतर वारा. एकास एक प्रमाणात फूल एक मिलिमीटर हलले तर सेन्सरवर त्याची प्रतिमा दीडशेहून अधिक पिक्सेल सरकते. सॉफ्टवेअर पूर्ण चौकट जुळवून घेते, पण एकच पाकळी वेगळी हलली असेल तर तिथे दुहेरी कडा उमटते. म्हणून सरावाची पहिली जागा घर हीच असावी. कुंडी खिडकीजवळ आणावी, पंखा बंद करावा, खिडकीला पातळ पांढरा पडदा लावावा आणि सावलीच्या बाजूला पांढरा कार्डबोर्ड किंवा थर्माकोल उभा करावा. जास्वंदीचे फूल एकाच दिवसाचे असते आणि उमलताना पाकळ्या सतत हलत असतात, तेव्हा ते सकाळी पूर्ण उघडल्यावरच घ्यावे. फूल तोडू नये. तोडलेले फूल पाण्यात ठेवले तरी हळूहळू मान टाकते आणि पहिल्या व पंधराव्या फोटोत फरक पडतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून सगळ्या स्वयंचलित गोष्टी बंद कराव्यात. एक्स्पोजर मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स ठरावीक, आयएसओ कमीत कमी, ऑटोफोकस आणि लेन्समधली कंपरोधक सोय बंद. शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने दाबावे. पावसाळ्यात पुण्याचे आभाळ घडोघडी बदलते. ढग सरकून उजेड बदलला तर तो संच अर्धवट सोडून पुन्हा पहिल्यापासून घ्यावा. दोन उजेडांतले फोटो जोडले की फुलावर पट्टे उमटतात. फोकस सगळ्यात जवळच्या बिंदूपासून मागे न्यावा. प्रत्येक पाऊल स्पष्ट खोलीच्या साधारण दोनतृतीयांश असावे, म्हणजे शेजारचे थर एकमेकांवर चढतात आणि मध्ये धूसर पट्टा राहत नाही. जास्वंदीला एफ/८ वर सहा मिलिमीटरांचे पाऊल धरले तर अकरा-बारा फोटो होतात. दोन्ही टोकांना एक-दोन जास्तीचे घेतले की पंधरा. एकदांडीच्या पाच मिलिमीटर खोलीसाठी एकास एक प्रमाणात ०.६ मिलिमीटरच्या पावलाने बारा फोटो पुरतात. हे आकडे सुरुवातीच्या अंदाजासाठी आहेत. शंका आली तर पाऊल लहान ठेवावे, कारण जास्तीचा फोटो वगळता येतो, राहून गेलेला थर मात्र नंतर मिळत नाही. एकास एक प्रमाणापर्यंत लेन्सचे फोकस रिंग फिरवणे सोयीचे असते. त्याहून जवळ गेल्यावर पूर्ण कॅमेरा पुढे सरकवणारी फोकस रेल अधिक नेमकी चालते.

हे सगळे महागड्या साहित्याचे काम आहे, हा दुसरा आक्षेप. ऑलिंपसने २०१५ मध्ये ई-एम१ या कॅमेऱ्यात आठ फोटो घेऊन ते आतल्या आत जोडण्याची सोय दिली आणि निकॉनच्या २०१७ च्या डी८५० मध्ये फोकस आपोआप सरकवत तीनशेपर्यंत फोटो घेता येतात. या सोयींनी श्रम वाचतात, पण पद्धत त्यांच्यावर अवलंबून नाही. लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने रिंग फिरवणारा जुना डीएसएलआर तेच काम करतो. मॅक्रो लेन्स नसेल तर साध्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब लावून सुरुवात करता येते. मोबाइलच्या छोट्या सेन्सरमुळे स्पष्ट खोली मुळातच जास्त मिळते, त्यामुळे पूर्ण फूल टिपताना तिथे स्टॅकिंगची गरज क्वचितच पडते. जोडणीसाठी फोटोशॉपमध्ये ऑटो-अलाइन आणि ऑटो-ब्लेंड या दोन आज्ञा आहेत. हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही खास यासाठी बनवलेली सॉफ्टवेअर आहेत. हगिन आणि एन्फ्यूज ही जोडी तर मोफत मिळते. इथे खर्चापेक्षा चिकाटीच जास्त लागते. इंग्लंडच्या लेव्हन बिस यांनी 'मायक्रोस्कल्प्चर' या प्रदर्शनात ऑक्सफर्डच्या संग्रहालयातले कीटक दाखवले, तेव्हा प्रत्येक चित्रामागे आठ हजारांहून अधिक फोटो होते. आपल्याला पंधरापासून सुरुवात करायची आहे.

जोडणीनंतरचे काम मात्र कुणी टाळू नये, कारण खोटेपणा शिरतो तो नेमका इथे. झेरीनमधली पीमॅक्स पद्धत लव आणि एकमेकांवरून जाणारे तंतू छान सांभाळते, पण रंग थोडे भडक करते आणि दाणेदारपणा वाढवते. डीमॅप पद्धत पाकळीचा मऊ पोत आणि रंग नीट ठेवते, पण कडांपाशी चुकते. दोन्ही चित्रे काढून एकातले चांगले भाग दुसऱ्यात घेणे हा शहाणपणाचा मार्ग. जास्वंदीत एक अडचण हमखास येते. मागच्या पाकळीवर फोकस असताना पुढची कुक्षी मोठ्या धूसर गोळ्यासारखी पसरते आणि मागचा काही भाग झाकते. फोकस कुक्षीवर असतो तेव्हा तोच भाग धूसर असतो. कुक्षीभोवतीची ती कडा कोणत्याच फोटोत स्पष्ट नसते, म्हणून जोडलेल्या चित्रात तिथे प्रभा दिसते. अ‍ॅपर्चर जितके मोठे, तितका तो गोळा आणि ती प्रभा मोठी. त्यामुळे पुढे आलेला दांडा असलेल्या फुलाला एफ/५.६ पेक्षा एफ/८ किंवा एफ/११ बरे, आणि कोन बदलणे त्याहून बरे. उरलेली प्रभा मूळ फोटोंपैकी एखाद्यातला खरा भाग ब्रशने आणून दुरुस्त करावी. तिथे आपल्या मनातली पाकळी रंगवू नये.

यातूनच तिसरा आक्षेप येतो : पंधरा क्षणांचे मिळून केलेले चित्र खरे कसे मानायचे? फियाप हा छायाचित्रणाचा आंतरराष्ट्रीय महासंघ, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांच्या निसर्गछायाचित्रणाच्या संयुक्त व्याख्येत फोकस स्टॅकिंगला परवानगी आहे. मूळ दृश्यात नसलेले काही घालणे किंवा असलेले काढून टाकणे त्या व्याख्येला चालत नाही. ही रेषा मला योग्य वाटते. प्रत्येक थर त्याच फुलाचा, त्याच जागचा आणि काही मिनिटांच्या अंतरातला असेल, तर जोडलेले चित्र फुलाशी प्रामाणिक राहते. किंबहुना एफ/२२ च्या धूसर फोटोपेक्षा ते फुलाबद्दल जास्त खरे सांगते. त्यासाठी दोन पथ्ये पाळावीत. फोटो प्रसिद्ध करताना तो किती फोटो जोडून केला हे लिहावे आणि मूळ संच जपून ठेवावा. जोडणी करताना सॉफ्टवेअर प्रत्येक थराचा आकार किंचित लहानमोठा करते, म्हणून मोजमापासाठी फुलाशेजारी पट्टी ठेवलेला एक वेगळा, न जोडलेला फोटोही असावा.

पुण्याच्या संदर्भात या पथ्यांना आणखी वजन येते, कारण या शहराची फुलांच्या नोंदीची परंपरा मोठी आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य असलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लिहिला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम मंडळ १९५५ पासून पुण्यात आहे. श्रीकांत इंगळहळीकर यांच्या २००१ मधल्या 'फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री' या छायाचित्रांच्या पुस्तकाने सामान्य भटक्यांच्या हाती रानफुलांची ओळख दिली. दाबून वाळवलेल्या नमुन्यात फुलाचा रंग उडतो आणि घडण चपटी होते. ही उणीव पूर्ण स्पष्ट फोटो भरून काढू शकतो. कंदीलपुष्पात पाकळ्यांची टोके जुळून पिंजरा बनतो, त्याच्या खिडक्यांतून आतली रचना पाहायची असते आणि नळीतल्या केसांमुळे माशी काही काळ आत अडकते. ओळख पटवायला लागणारी ही लक्षणे वेगवेगळ्या खोलीवर असतात, म्हणून एका थरात मावत नाहीत. जुन्नर परिसरात आढळणारी, महाराष्ट्राच्या सह्याद्रीतली प्रदेशनिष्ठ शिंदळ माकुडी याउलट बरीच चपटी, ताऱ्यासारखी आहे. तिच्या पाकळ्यांच्या कडांची लव आणि मधली रचना पकडायला समोरून घेतलेले थोडेच थर लागतात. प्रत्येक फुलाची खोली वेगळी, म्हणून प्रत्येकाचा संचही वेगळा.

मात्र रानात ही पद्धत आंधळेपणाने नेऊ नये. कासच्या पठारावर, २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या पातळ मातीवर, ट्रायपॉडचे तीन पाय आणि फोटोसाठी आडवे झालेले एक शरीर सीतेच्या आसवांची आणि दवबिंदूची कितीतरी रोपे चिरडू शकते. तिथे ठरलेली वाट सोडून मिळणारा कोणताही फोटो त्या नुकसानीच्या मोलाचा नाही. सिंहगडावरच्या सोनकीवर वारा वाहत असेल तर वीस फोटोंचा हट्ट सोडून देऊन एफ/८ वर योग्य जागी धरलेला एकच फोटो घ्यावा किंवा हातात कॅमेरा धरून झरझर चार-पाच फोटोंचा छोटा संच करावा. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाच्या गर्दीत ट्रायपॉड लावून इतरांची वाट अडवण्यापेक्षाही हेच बरे. फुलावर मधमाशी बसली असेल, पाकळी उमलत असेल किंवा चित्राचा सगळा भाव एकाच कडेवर असेल, तर स्टॅकिंगची गरजच नाही.

तेव्हा सुरुवात अशी करावी. घरातले एकच फूल निवडावे आणि एका सकाळी त्याचे तीन फोटो तयार करावेत : एफ/१६ वरचा एक, एफ/५.६ वरचा एक आणि एफ/५.६ च्या थरांचा जोडलेला एक. तिन्ही शेजारी ठेवून मोठ्या पडद्यावर पाहावेत. परागकोश कुठे सुटे दिसतात, पार्श्वभूमी कुठे त्रास देते, प्रभा कुठे उमटली, हे डोळ्यांनी तपासावे. मग त्याच संचातले मागचे थर एकेक करून वगळत जोडणी पुन्हा करावी आणि कोणत्या थरावर थांबल्यावर फूल सगळ्यात चांगले बोलते ते ठरवावे. तंत्र एका दिवसात येते. कुठे थांबायचे याची जाण मात्र अशा तुलनेतूनच तयार होते, आणि ती आली की अ‍ॅपर्चरचा आकडा, फोटोंची संख्या, सॉफ्टवेअरची पद्धत हे सगळे तिच्या मागोमाग ठरत जाते.